गावाने जपलेले धन : ग्रामीण फ्रान्समधील वारसास्थळे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पॅरिस उभे राहते. आयफेल मनोरा, लुव्हर संग्रहालय, सेन नदीवरचे पूल आणि व्हर्सायचा राजवाडा पाहून प्रवासी परततो आणि आपण फ्रान्स पाहिला असे समाधान मानतो. ते समाधान हिरावून घेण्याचा माझा हेतू नाही. परंतु शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलावयाचे, तर त्या देशातील लहान गावांविषयी बोलावे असे मला वाटले. जुने ते कोणी जपावयाचे, कशासाठी आणि कोणत्या पद्धतीने, हा प्रश्न प्रत्येक जुन्या संस्थेला पडतो. फ्रान्सच्या खेड्यांनी या प्रश्नाला वेगवेगळी, कधी कधी परस्परविरोधी वाटणारी उत्तरे दिली आहेत. त्यांतील काही आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या गावाची ओळख करून घेऊ. फ्रान्समध्ये आजही सुमारे पस्तीस हजार ‘कोम्यून’ आहेत. कोम्यून म्हणजे स्थानिक स्वराज्याचा सर्वांत लहान घटक. शे-दीडशे वस्तीच्या खेड्यालाही आपली निवडून आलेली सभा असते आणि ‘मेर’ असतो. आपल्याकडचा सरपंच म्हणा. अशा गावाच्या चौकात उभे राहिले, की तीन गोष्टी बहुधा नजरेच्या टप्प्यात येतात : दगडी चर्च, मेरचे कार्यालय आणि महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांचे स्मारक. थोडे पुढे ओढ्याच्या काठी छपराखालचा एक लांबट दगडी हौद दिसतो. त्याला ‘लाव्ह्वार’ म्हणतात. हे गावाचे धुणे धुण्याचे ठिकाण. एकोणिसाव्या शतकात रोगराईच्या भीतीने स्वच्छतेकडे लक्ष गेले, १८५१ मध्ये अशा सार्वजनिक धुण्याघरांसाठी सरकारने खास निधी मंजूर केला आणि गावोगाव हे हौद बांधले गेले. पुढे घरोघरी धुलाईयंत्रे आली. हौदाचे काम संपले, तरी पुष्कळ गावांनी तो पाडला नाही. छप्पर शाकारले, दगड घासले, कडेला फुलझाडे लावली. जेथे गावातील बायकांनी गुडघे टेकून थंड पाण्यात हात गोठवले, सुखदुःखे सांगितली, ती जागाही इतिहासाचा भाग आहे, हे त्या गावांनी ओळखले.

ही जाण मात्र फ्रान्सला फार मोठी किंमत देऊन आली. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली आणि पुष्कळशी विकली गेली. बर्गंडीतील क्लुनी येथील मठाचे चर्च हे रोममधील सेंट पीटर्स बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे चर्च होते. १७९८ मध्ये ते विकले गेले आणि पुढची पंचवीस वर्षे दगडाची खाण म्हणून वापरले गेले. आज त्याचा जेमतेम एक दशांश भाग उभा आहे. या विध्वंसाला नाव देण्यासाठी धर्मगुरू ग्रेग्वार यांनी १७९४ मध्ये ‘व्हांदालिझ्म’ हा शब्द प्रचारात आणला; तोच पुढे इंग्रजीत आणि इंग्रजीमार्फत आपल्या वर्तमानपत्रांत आला. व्हिक्टर ह्यूगो यांनी १८३२ मध्ये जुन्या वास्तू पाडणाऱ्यांविरुद्ध जळजळीत लेख लिहिला. तत्पूर्वी, १८३० मध्येच सरकारने ऐतिहासिक वास्तूंसाठी निरीक्षकाचे पद निर्माण केले होते. १८३४ मध्ये त्या पदावर प्रॉस्पेर मेरिमे यांची नेमणूक झाली. ‘कार्मेन’ या कथेचा लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांचे खरे जीवनकार्य या नोकरीत घडले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. घोडागाडीने, खाचखळग्यांच्या रस्त्यांनी, ढेकणांनी भरलेल्या खानावळींत मुक्काम करीत त्यांनी देश पालथा घातला. कोणते छप्पर गळते, कोणती भिंत कलली, कोणत्या पाद्र्याने जुन्या चित्रांवर चुना फासला, याची नोंद ठेवली आणि पॅरिसला अहवाल धाडले. व्हेझले येथील कोसळू पाहणारे चर्च त्यांच्याच शिफारशीने १८४० मध्ये व्हियोले-ल-द्युक या अवघ्या सव्वीस वर्षांच्या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविले गेले आणि ते वाचले.

याच भटकंतीत १८३७ साली मेरिमे दक्षिणेकडील कोंक या गावी पोहोचले. डोंगराच्या कुशीत, पाटीच्या काळ्या दगडांनी शाकारलेल्या घरांचे हे गाव स्पेनमधील सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर वसले आहे. आपल्या वारकऱ्यांना पालखीमार्गावरील मुक्कामाचे जे महत्त्व, तेच त्या यात्रेकरूंना कोंकचे. तेथील सांत फ्वा या बालसंतिणीचे चर्च अकराव्या-बाराव्या शतकांतील. त्याच्या पश्चिम दारावर अंतिम न्यायाचा प्रसंग कोरला आहे; शंभराहून अधिक आकृती, एका बाजूस शांत रांगेतील पुण्यवान, दुसऱ्या बाजूस नरकातील गोंधळ. इतक्या आडबाजूला एवढे वैभव असेल अशी मेरिमे यांची कल्पना नव्हती. चर्चच्या खजिन्यात सोन्याने मढवलेली, रत्ने जडवलेली संतिणीची प्राचीन मूर्ती आजही आहे. क्रांतीच्या काळात सरकारी माणसे सोने-चांदी वितळवण्यासाठी नेत होती, तेव्हा कोंकच्या गावकऱ्यांनी हा खजिना घराघरांत दडवून ठेवला आणि वादळ शमल्यावर परत आणून दिला असे सांगतात. सरकारी निरीक्षक येण्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधी हे काम शेतकऱ्यांनी केले होते, हे विसरता येत नाही.

कोंकची गोष्ट येथे संपत नाही. जवळच्या रोदेझ गावी १९१९ साली जन्मलेले चित्रकार प्येर सूलाज शाळकरी वयात सहलीने या चर्चमध्ये आले होते. आयुष्य कलेला वाहण्याचा निश्चय आपण येथेच केला, असे ते सांगत. पुढे हेच सूलाज काळ्या रंगाचे चित्रकार म्हणून जगप्रसिद्ध झाले आणि या चर्चच्या खिडक्यांचे काम त्यांच्याकडे आले. विसाव्या शतकाच्या मध्यास बसवलेल्या चित्रमय रंगीत काचा काढून त्यांनी १९९४ पर्यंत १०४ खिडक्यांना नवी तावदाने दिली. त्यांत एकही संत नाही, एकही रंग नाही. दुधी, रंगहीन काच आणि तिच्यावरून वाहणाऱ्या काळ्या रेषा, एवढेच. परंतु सूर्य जसा कलेल तसा या काचेतून येणारा प्रकाश कधी निळसर, कधी नारिंगी होतो आणि दगडी भिंतींवर उतरतो. गावात प्रारंभी कुरबुर झाली, ती साहजिकच होती. आज मात्र बाराव्या शतकातील शिल्प आणि विसाव्या शतकातील काच पाहण्यासाठी माणसे एकाच वेळी येतात. २०२२ मध्ये सूलाज निवर्तले. जुन्या वास्तूत नवे काम करण्याचे धाडस जुन्याविषयीच्या अज्ञानातूनही होते आणि जुन्याच्या दीर्घ सहवासातूनही होते. कोंकचे काम दुसऱ्या प्रकारचे आहे.

कोंकहून आता पश्चिमेकडे, व्हेझेर नदीच्या खोऱ्यात जाऊ. मोंतिन्याक गावाजवळच्या टेकडीवर १२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुले एका बिळातून आत उतरली आणि त्यांना लास्कोची गुहा सापडली. पाच मीटरहून लांब रानबैल, धावणारे घोडे, शिंगे उगारलेली हरणे. सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीच्या किंवा त्याहूनही जुन्या माणसाने दिव्याच्या मंद उजेडात रंगवलेली. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली गेली आणि पाहता पाहता दिवसाला हजारांहून अधिक माणसे येऊ लागली. गावात खानावळी निघाल्या, धंदे वाढले. परंतु माणसांच्या श्वासातील आर्द्रता, उष्णता आणि कर्बवायू यांनी हजारो वर्षांचा समतोल ढासळला. भिंतींवर हिरवे शेवाळ धरले, पांढरे क्षार फुलले. अखेर १९६३ साली तेव्हाचे संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा लोकांसाठी बंद केली. ज्या गावाची रोजीरोटी त्या दारावर अवलंबून होती त्याला हा निर्णय किती जड गेला असेल! वीस वर्षांनी, १९८३ मध्ये, मूळ गुहेपासून दोनशे मीटरवर तिच्या मुख्य भागांची हुबेहूब प्रतिकृती उघडली गेली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी जवळजवळ संपूर्ण गुहेची नवी प्रतिकृती. आज प्रवासी जे पाहतो ते मूळ नव्हे, हे त्याला ठाऊक असते. तरीही तो येतो. मूळ चित्रे अंधारात, जवळजवळ एकाकी आहेत. दार बंद करूनही बुरशीचा उपद्रव पुन्हा झालाच. म्हणजे एकदा मोडलेला समतोल सहजी परत येत नाही.

तिसरे गाव ओरादूर-स्युर-ग्लान. लिमोझ शहराजवळचे हे साधे बाजारगाव. १० जून १९४४ रोजी जर्मन एस. एस. सैन्याच्या तुकडीने पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून आग लावली आणि मग घरे जाळली. एकूण ६४३ माणसे मेली. चर्चमधून केवळ एक स्त्री खिडकीवाटे उडी मारून जिवंत बाहेर पडली. मार्च १९४५ मध्ये जनरल द गॉल तेथे आले आणि हे अवशेष आहेत तसेच राखावेत असे ठरले. १९४६ मध्ये तसा कायदा झाला. नवे गाव शेजारी बांधण्यात आले. जुन्या गावात आजही ट्रामचे रूळ आहेत, गंजलेली मोटार आहे, जळक्या भिंतींच्या आत शिवणयंत्रांचे सांगाडे आहेत. प्रवेशद्वारावर ‘स्मरण ठेवा’ एवढाच आदेश आहे आणि येणारे बहुधा आपोआप आवाज खाली आणतात.

येथे जतनाचा एक विलक्षण पेच उभा राहतो. पडकी भिंत पडकीच ठेवावयाची, तरी ती पडू द्यावयाची नाही. ऊन, पाऊस आणि हिम भिंती खातात, लोखंड झडते. गवंड्याने येऊन अवशेष अवशेषच दिसतील अशी डागडुजी करावयाची, हे काम नवे बांधण्यापेक्षा कठीण. दुसरा पेच माणसांचा. नव्या गावातील लोकांनी कित्येक वर्षे सणसमारंभ टाळले. मृतांच्या शेजारी वाढलेल्या मुलांचे बालपण त्या शोकाने झाकोळले. त्या दिवसाच्या साक्षीदारांपैकी वाचलेले अखेरचे गृहस्थ रोबेर एब्रास २०२३ च्या फेब्रुवारीत वारले. यापुढे साक्ष देण्यासाठी दगड आणि कागदच उरले आहेत.

स्मरणाचे दुसरे, अधिक सार्वत्रिक रूप म्हणजे गावोगावची पहिल्या महायुद्धाची स्मारके. फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक त्या युद्धात गेले आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक गावाने आपला स्तंभ उभारला. आपल्याकडच्या वीरगळांवर शिल्प असते, नाव क्वचितच. येथे शिल्प गौण, नावे प्रमुख. एकाच आडनावाची तीन-चार नावे खालोखाल दिसली की एखाद्या घराचे काय झाले हे वेगळे सांगावे लागत नाही. दर वर्षी ११ नोव्हेंबरला गाव जमते आणि ही नावे मोठ्याने वाचली जातात. बहुतेक स्मारके गौरवाची भाषा बोलतात. क्रेझ प्रांतातील झांत्यू या गावाचे मात्र वेगळे : तेथे गणवेशातील एक अनाथ शाळकरी मुलगा मूठ आवळून नावांकडे पाहतो आहे आणि युद्धाला शाप देणारे तीनचार शब्द कोरले आहेत. सरकारी अधिकाऱ्यांनी त्याच्या उद्घाटनास येण्याचे टाळले. गावाने तरीही ते ठेवले आणि १९९० मध्ये सरकारनेच त्याला संरक्षित वास्तू म्हणून मान्यता दिली.

या स्मारकांपैकी एकाशी आपलेही नाते आहे. उत्तर फ्रान्सच्या सपाट शेतीप्रदेशात, नव्ह-शापेल गावाजवळ, भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. ज्यांना कबर लाभली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय जवानांची व मजुरांची नावे तेथे आहेत. कमलशीर्ष असलेला उंच स्तंभ आणि जाळीच्या कोरीव भिंती यांनी तेथे भारताची आठवण दिली आहे. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे अनावरण झाले आणि २०२३ मध्ये पश्चिम आघाडीवरील इतर स्मृतिस्थळांसह त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. पुण्याजवळच्या खडकी येथे मुख्य तळ असलेल्या सॅपर्स अँड मायनर्स दलाच्या २० व २१ क्रमांकांच्या तुकड्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावासाठी लढल्या आणि त्यांची भीषण हानी झाली. त्या दलात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. ज्या गावाचे नाव त्यांच्या घरच्यांना उच्चारताही आले नसेल, त्या गावाच्या शिवारात त्यांची नावे जपली गेली आहेत. पॅरिस पाहावयास जाणाऱ्या मराठी प्रवाशाने एक दिवस तिकडे वळावे, अशी माझी विनंती आहे.

आतापर्यंत सांगितलेली स्थळे असामान्य आहेत. सामान्य सुंदर गावाचे काय, हा प्रश्न १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूज या तांबड्या वालुकाश्माच्या गावचे मेर शार्ल सेराक यांना पडला. तरुण पिढी शहरांकडे जात होती, घरे ओस पडत होती. फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावांविषयीचे एक सचित्र पुस्तक त्यांच्या पाहण्यात आले आणि अशा गावांची एक संघटनाच करावी असे त्यांना सुचले. त्यांनी इतर मेरांना पत्रे लिहिली. साठाहून अधिक जणांनी होकार दिला. या संघटनेत येण्यासाठी वस्ती दोन हजारांहून जास्त नसावी, गावात किमान दोन संरक्षित स्थळे असावीत आणि गावाच्या सभेने तसा ठराव केलेला असावा, अशा अटी आहेत. पुस्तकाने गावे वाचवण्याचे हे उदाहरण ग्रंथालयात आवर्जून सांगण्यासारखे आहे. अर्थात यशालाही किंमत असते. उन्हाळ्यात अशा गावांत पाय ठेवण्यास जागा नसते आणि हिवाळ्यात निम्म्या खिडक्या बंद असतात, कारण घरे सुटीपुरती येणाऱ्यांनी घेतलेली असतात. पाव-बिस्किटांची भट्टी जाऊन तेथे भेटवस्तूंचे दुकान आले, की गाव देखणे राहते पण नांदते राहत नाही. शाळा आणि टपालघर टिकवणे हेही जतनच आहे, हे जाणत्या मेरांना पटले आहे.

मग पैशाचे काय? १९०५ मध्ये फ्रान्समध्ये धर्मसंस्था आणि शासन वेगळे झाले. तेव्हा जर्मनीकडे असलेला अल्सास-मोझेलचा भाग वगळता, त्यापूर्वीची गावोगावची चर्च कोम्यूनच्या मालकीची राहिली. म्हणजे भाविक असोत वा नसोत, गळक्या छपराची चिंता गावाची. दोनशे वस्तीच्या गावाला आठशे वर्षांची वास्तू सांभाळावयाची म्हणजे चेष्टा नव्हे. वर्गणी, मित्रमंडळे, १९९६ मध्ये कायद्याने स्थापन झालेले वारसा प्रतिष्ठान, २०१८ पासून सुरू झालेली वारशासाठीची खास लॉटरी, असे अनेक झरे एकत्र करून हे काम चालते. तरीही काही चर्च पाडली जातातच. १९८४ पासून सप्टेंबरमध्ये वारशाचे खास दिवस पाळले जातात आणि एरवी बंद असलेली दारे उघडली जातात. गावातील निवृत्त शिक्षक किंवा शेतकरीच त्या दिवशी मार्गदर्शक होतो.

परंतु पैशापूर्वी एक काम करावे लागते, ते म्हणजे नोंद. १९६४ मध्ये मालरो आणि कलेतिहासकार आंद्रे शास्तेल यांनी देशाच्या कलासंपत्तीची सर्वसाधारण गणना सुरू केली. लहान चमच्यापासून कॅथीड्रलपर्यंत सारे काही, हे तिचे ब्रीद. काम अजून चालू आहे आणि स्वभावतःच ते कधी पूर्ण होणार नाही. ज्याची नोंद नाही ते हरवल्याचे कोणाला कळतही नाही, हे ग्रंथपालाला सांगावयास नको.

ग्रंथांचा विषय निघालाच आहे, तर आणखी दोन गावे. ब्रिटनीतील बेशेरेल या जुन्या कोटबंद गावाने वेल्समधील हे-ऑन-वाय आणि बेल्जियममधील रेद्यू यांच्या वाटेवर पाऊल टाकून १९८९ मध्ये स्वतःला पुस्तकांचे गाव म्हणून घडवले. पुढच्याच वर्षी कार्कासोनजवळच्या मोंतोलिय येथे मिशेल ब्रेबां या पुस्तकबांधणी कारागिराने तसाच उपक्रम सुरू केला. दुकानांबरोबर कागद, छपाई व बांधणी यांची कला शिकवणारे केंद्र असावे ही त्यांची दृष्टी होती. १९९२ मध्ये ते गेले, गाव मात्र पुस्तकांचेच राहिले. आपल्याकडे पाचगणीजवळचे भिलार मे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले, ते याच कुळातले.

आता या सर्वांतून आपण काय घ्यावे? शंभर वर्षांच्या कोणत्याही ग्रंथालयात, विशेषतः महाराष्ट्राबाहेर मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या ग्रंथालयात, तेच पेच रोज उभे असतात. वाचक कमी, छप्पर जुने, कागद पिवळा. एखादे दुर्मिळ मासिक हाताळले की तुकडे पडतात; तेथे लास्कोचा मार्ग घ्यावा, उत्तम प्रत करून वाचकाला द्यावी आणि मूळ अंक बंद कपाटात विसावू द्यावा. जुन्या वाचनकक्षात तरुणांसाठी नवी सोय करावयाची झाल्यास कोंकच्या काचा आठवाव्यात. जुन्याशी ज्याचा सहवास आहे त्याच्याकडे नवे काम द्यावे. आरंभीच्या सभासदांची वही, देणगीदारांच्या याद्या, देवघेवीच्या नोंदी ही आपली नावांची स्मारके. वर्षातून एकदा ती नावे मोठ्याने वाचली जावीत. जे आता कोणी वापरीत नाही, त्या धुण्याच्या हौदासारखे, तेही टाकण्यापूर्वी त्याची नोंद तरी करावी. आणि हे सर्व कोणी दुसरा येऊन करील याची वाट पाहू नये. कोंकचा खजिना घराघरांत लपवणाऱ्यांना कोणी हुकूम दिला नव्हता.

शताब्दीच्या निमित्ताने दोन-चार सभासदांनी जरी कपाटांपुढे बसून यादी करावयास घेतली, तरी माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.